खाणीवरची गंजपट्टी

माझा मामा एकतीस वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होता. परिचर म्हणजे शिपायाच्या जरासा वर आणि बाकी सगळ्यांच्या खाली. बरण्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवायचे, प्रात्यक्षिकाला बेडूक कमी पडले तर शिव्या खायच्या, हे त्याचं काम. पण कॉलेजात त्याला त्या नावाने कुणी ओळखत नसे. सगळे ‘पुडीवाला’ म्हणायचे, कारण त्याच्या शर्टाच्या खिशात कायम तिकोनी घडीच्या कागदी पुड्या असायच्या आणि त्या पुड्यांत चतुर असायचे. जिवंत.

मामी शर्ट भिजवण्याआधी खिसे तपासायची. “लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात चिठ्ठ्या सापडतात. माझ्या नशिबी किडे,” असं म्हणून ती पुड्या खिडकीत नीट रचून ठेवायची. एकही चुरगळू द्यायची नाही, हे तिच्याबद्दल सांगायलाच हवं.

जिवंत ठेवण्याचं कारण होतं. चतुर नुसता मारून ठेवला तर दोन दिवसांत त्याचा रंग उतरतो. निळा, लाल, हिरवा, सगळे शेवटी एकजात काळपट होतात. मामाची पद्धत वेगळी होती. जाळ्यातून काढल्यावर चारही पंख पाठीवर एकत्र मिटवायचे, पुडीत सरकवायचं, आणि पुडी एक दिवस कोरड्या जागी ठेवायची, म्हणजे पोट रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी पुडीसकट अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचं आणि मग वाळवायचं. मामाच्या हातचे नमुने बघून बाहेरून आलेले अभ्यासक विचारायचे, हे काल पकडलेत का? ते दहा-दहा वर्षांपूर्वीचे असायचे.

त्या एका दिवसात पुडीतून आवाज येतो. पंख उघडायला जागा नसते, त्यामुळे कागद खसखसतो, थांबतो, पुन्हा खसखसतो. मी सुट्टीत मामाकडे राहायला जायचे तेव्हा त्या खिडकीजवळ बसायला घाबरायचे. मामा म्हणायचा, “काही नाही, उद्या थांबेल.” त्याला वाटायचं, तो माझी समजूत घालतोय.

तो अकरावी नापास होता, पण चतुरांबद्दल बोलायला लागला की प्राध्यापकही गप्प बसायचे. चतुराचे चारही पंख वेगवेगळे हलतात, म्हणून तो जागच्या जागी थांबतो, मागे सरकतो, वळण न घेता दिशा बदलतो. तो डासाच्या मागे धावत नाही. डास क्षणभराने कुठे असेल ते हेरून तिथे आधी पोहोचतो, आणि सहा पायांची टोपली करून त्याला उडता उडताच उचलतो. डोकं म्हणजे जवळजवळ दोन डोळेच. त्याला मागचं, खालचं तेवढं दिसत नाही, म्हणून जाळं तिथूनच आणायचं. आणि चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं, खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून भक्ष्य धरतं, आणि पळायचं झालं की मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी मारून सुटतं. “श्वासही तिथूनच घेतं आणि पळतंही तिथूनच,” असं मामा गंभीर चेहऱ्याने सांगायचा. मुली खिदळायच्या. दर वर्षी तेच वाक्य, दर वर्षी तेच खिदळणं.

आणखी एक गोष्ट तो दर वर्षी करून दाखवायचा. अंड्यांनी भरलेली मादी पंखांशी हलकेच धरायची आणि तिच्या शेपटाचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवायचं. पाणी लागलं की तिला वाटतं आपण तळ्यावर आहोत. ती अंडी सोडायला लागते, शेकड्यांनी. ती बघण्यासाठी माना पुढे काढून मुलांची झुंबड उडायची. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या पेल्यापाशी येऊन अडतं.

कॉलेजच्या मागे दगडाची जुनी खाण होती. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं, काठाला लव्हाळी उगवली, आणि तिथे एका जातीचा चतुर असायचा जो आजूबाजूच्या कुठल्याच तळ्यावर सापडत नव्हता. अंग काळं, पंखांवर मध्यावर गंजाच्या रंगाचा आडवा पट्टा. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. घरात आणि विभागात सगळे त्याला गंजपट्टी म्हणायचे.

विभागप्रमुख सर या गंजपट्टीवर खूश होते. त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि लेख छापून आल्यावर बाहेरच्या संग्रहालयांची पत्रं येऊ लागली, आम्हाला नमुने पाठवा, बदल्यात आमचे घ्या. सर मामाला म्हणाले, “एवढा हंगाम जरा मन लावून पकडा.” मामाने मन लावून पकडले. नर पकडणं अवघड. तो आपल्या हद्दीत सतत फेऱ्या मारतो आणि त्याचं लक्ष सगळीकडे असतं. मादी सोपी. ती पाण्यावर येते तीच मुळी अंडी घालायला, आणि त्या वेळी तिचं दुसरीकडे लक्ष नसतं. पहिली डुबकी मारायच्या आत तिच्यावर जाळं टाकायचं. मामाचा त्यात हातखंडा होता.

आता यात मेख अशी, की गंजपट्टीचं पिल्लू पाण्यात दोन वर्षं काढतं. म्हणजे या हंगामात एकही अंडं पाण्यात पडलं नाही, तरी पुढच्या उन्हाळ्यात, आधीच्या अंड्यांमुळे, लव्हाळ्यांवर ठरल्याप्रमाणे कात टाकलेली सालं लटकतात, पंख वाळतात, नर फेऱ्या मारतात. तसंच झालं. सर म्हणाले, बघा, काही फरक पडत नाही, आणि त्या हंगामातही मामाने पुन्हा तसेच पकडले. तिसऱ्या उन्हाळ्यात खाणीवर पाच-सहा दिसले. चौथ्या उन्हाळ्यात एक दिसली. मादी.

ती मामाने पकडली. का पकडलीस, असं मी त्याला पुढे एकदा रागाने विचारलं होतं. तो म्हणाला, “ती आली आणि हात गेला. एवढंच.” मला ते पटतं. मीही आता तेच काम करते, हात कसा आपसूक जातो ते मला ठाऊक आहे. पंख मिटले, पुडीत घातली, पुडी विभागातल्या टेबलाच्या खणात ठेवली. तेवढ्यात घरून निरोप आला की मामी स्टुलावरून पडली.

कंबरेचं हाड मोडलं होतं. मामा नऊ दिवस दवाखान्यातून हलला नाही. दहाव्या दिवशी कॉलेजात गेला, खण उघडला, पुडी उलगडली. मादी मेली होती, काळी पडली होती. आणि कागदाच्या घडीत आतल्या बाजूने अंडी चिकटलेली होती, खसखशीहून बारीक, वाळलेली. पाणी मिळालं नाही तरी तिने ती घातली होती.

पेला तिथेच टेबलावर होता. पकडली त्या दिवशी अर्धं मिनिट शेपूट पाण्यात बुडवलं असतं आणि तो पेला खाणीत ओतला असता, तर गंजपट्टी राहिली असती. मामाने वर्षानुवर्षं शेकडो मुलांना ते करून दाखवलं होतं, आणि त्या दिवशी त्याला ते आठवलं नाही. त्याने ती पुडी महिनाभर पाण्यात ठेवली. कागदाचा लगदा झाला. अंड्यांचं काहीच झालं नाही.

त्यानंतर मामा बिघडला. दारूबिरू नाही, तसला सरळ बिघाड असता तर मामीने दोन दिवसांत नीट केला असता. त्याला पुड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. वाळवून, लेबल लावून, डब्यांत बंद केलेल्या पुड्यांचा. भरदुपारी नमुन्यांच्या खोलीत तो एकेक डबा उघडून, एकेक पुडी कानाला लावून उभा असायचा. घरी जेवता जेवता घास हातात धरून थांबायचा. मामी म्हणायची, “अहो, काही नाही, वर्तमानपत्र आहे. वाऱ्याने हलतंय.” तो मान डोलवायचा आणि उठून वर्तमानपत्राच्या घड्या उलगडून बघायचा. एकदा तिने घरातले सगळे कागद उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवले. त्या रात्रीही तो तसाच बसून होता.

आणि तो खाणीवर जायला लागला. हंगामात रोज, अकरा ते एक, जाळं न घेता. काठावरच्या एका धोंड्यावर बसून पाण्याकडे बघायचा. खाणीवर दुसरे चतुर पुष्कळ होते, पिवळे, तांबडे, कुठेही दिसतात तसे. त्यांच्याकडे तो बघायचाही नाही. कधी कधी एकदम मान वळवायचा. डोळ्याच्या कोपऱ्यात गंजाचा रंग हलला असं त्याला वाटायचं. मी सोबत असले की मलाही तिकडे बघावं लागायचं, आणि खोटं कशाला बोलू, दोनदा मलाही तसा रंग दिसल्यासारखा वाटला. तिथे नुसतं पाणी होतं.

अशी आठ वर्षं गेली. सर वारले. मामा निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी मी लागले. वशिला वगैरे नव्हता. फॉर्मालिनचा वास सहन करणारं दुसरं कुणी अर्ज करायला आलंच नाही. लेबल लिहायला मामानेच शिकवलं. आधी जागा, मग तारीख, मग पकडणाऱ्याचं नाव, पेन्सिलीने. “शाई अ‍ॅसिटोनमध्ये पळते. आणि खोटी तारीख घालायची नाही. किडा खोटं बोलत नाही, आपण कशाला बोलायचं?” तो सहज म्हणाला होता.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कॉलेजने खाण बुजवायची ठरवली. वर गाड्या लावायला जागा करायची होती. त्याआधी तपासणीसाठी सरकारी कचेरीतून एक बाई आल्या. चष्मा, पायांत बूट, बोलणं मोजकं. त्यांच्या हातात सरांचा जुना लेख होता. त्या म्हणाल्या, “ही जात इथे अजून असेल तर मी खाणीला हात लावू देणार नाही. पण मला पुरावा लागेल. तीन वर्षांच्या आतला नमुना, तारखेसकट. शुक्रवारपर्यंत.”

मामाचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काळा चष्मा लावून तो खुर्चीत बसायचा आणि मला विचारायचा, “खाणीवर गेलीस का? काही दिसलं?” मी नाही म्हणायचे. खाण बुजणार आहे हे मी त्याला सांगितलंच नाही. ती बुजली असती तर हा माणूस रोज अकरा वाजता कुठे जाऊन बसला असता, हा प्रश्न माझ्या छातीवर बसला होता.

गुरुवारी मी नमुन्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं. गंजपट्टीच्या डब्यात नऊ पुड्या उरल्या होत्या. नर दिसायला देखणे, म्हणून ते सगळे बाहेरच्या संग्रहालयांना गेले होते. उरलेल्या नऊही माद्या. सगळ्यात चांगली मी बाहेर काढली. पंधरा वर्षांपूर्वीची होती आणि पट्टा असा ताजा होता की कालच पकडली असं वाटावं. तिला नव्या पुडीत घातलं. पेन्सिलीला टोक केलं. जागा खरी लिहिली, तारीख चार दिवसांपूर्वीची लिहिली, आणि पकडणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं.

बाईंनी भिंगाखाली बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “सुंदर ठेवलाय नमुना.” खाण वाचली.

मी हे मामीला सांगितलं. घरातल्या घरात एवढं ओझं घेऊन फिरणं मला जमेना. मामी भाजी निवडत होती. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं केलंस. त्यांना सांगू नकोस. ते लगेच जाऊन त्या बाईंना खरं सांगून येतील.” ते खरंच होतं. मामा तसाच आहे.

पण बाई सज्जन निघाल्या. इतकी वर्षं खाणीवर लक्ष ठेवणाऱ्या म्हाताऱ्याला आपण स्वतः भेटून सांगावं असं त्यांना वाटलं. खाण बुजवू नये अशा आपल्या पत्राची प्रत घेऊन त्या घरी आल्या, मामाचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं, चहा घेतला आणि गेल्या. मी संध्याकाळी पोहोचले तर मामा पत्र हातात घेऊन बसला होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती.

“ती आली होती?” मामाने विचारलं.

“हो.” कुठल्या लव्हाळ्यावर बसली होती, कितीदा उडाली, हे सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. तो आनंदाने ऐकेल असं मला वाटलं होतं.

“मी नेमका घरात. अकरा वर्षांत दहा दिवस गेलो नाही, आणि ती आली.” त्याने पत्रावर बोट ठेवलं. “मादी लिहिलंय पत्रात.”

“मादी होती.”

“आणि तू तिला पुडीत घातलंस.”

तोपर्यंत हे मला सुचलंच नव्हतं. मी तारखेचा विचार केला, अक्षराचा केला, बाईंच्या भिंगाचा केला. पुरावा म्हणजे मेलेली गंजपट्टी, आणि मामाच्या हिशेबाने अकरा वर्षांनी आलेली एकुलती एक मादी त्याच्या भाचीने मारली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्याच्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिले. आत डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळत नव्हतं.

“आधी पाण्यात बुडवलीस का?” त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

खरं सांगितलं तर खाण जाते. नाही म्हटलं तर हा माणूस जातो. दारातून मामी माझ्याकडे बघत होती.

“बुडवली ना,” मी म्हणाले. “पेल्यात धरली. आणि पेला खाणीत ओतला.”

“अंडी कशी होती?”

“आधी पांढरट. मग तपकिरी व्हायला लागली.”

त्याने मान हलवली. बरोबर होतं, त्यानेच शिकवलं होतं. मग त्याने पत्राची घडी घातली आणि म्हणाला, “म्हणजे दोन वर्षं.”

त्या दोन वर्षांत मामा माणसांत आला. पुड्यांचा आवाज बंद झाला. वेळेवर जेवायला लागला, मामीच्या भाजीला नावं ठेवायला लागला, आणि मामी ती नावं शेजारणीला कौतुकाने सांगायला लागली. “मी पाप पोटात घालीन, तू तोंड बंद ठेव,” असं ती मला म्हणायची. मी तोंड बंद ठेवलं. पण नमुन्यांच्या खोलीत एकटी असले की आता मला आवाज यायचा. खसखस, मग शांतता, मग पुन्हा. डब्यात आठ पुड्या होत्या. मी त्या कधी कानाला लावल्या नाहीत. माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात मामा पहाटेपासून खाणीवर जायला लागला, काठी टेकत. पिल्लं पाण्याबाहेर येतात ती उजाडताना. लव्हाळ्यावर चढतात, पाठ उकलते, आतून मऊ, फिकट चतुर बाहेर येतो आणि पंख वाळेपर्यंत तासभर तिथेच लटकतो. मामा वाकून वाकून एकेक लव्हाळं तपासायचा. सालं सापडायची, पण ती पिवळ्यांची, तांबड्यांची. तो प्रत्येक साल तळहातावर घेऊन ओठाचा आकार बघायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. “उशीर होतो कधी कधी. पाणी थंड होतं ना या वर्षी,” असं मला सांगायचा. मी हो म्हणायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा हो म्हणायचे. तसा सगळा हंगाम गेला.

शेवटी शेवटी एका दुपारी आम्ही दोघं धोंड्यावर बसलो होतो. पाण्यावर तांबडे चतुर फेऱ्या मारत होते. मामाने चष्मा काढून पुसला, पण परत लावला नाही.

“एक विचारू? रागावू नकोस,” तो म्हणाला. “तू तिला बुडवली नव्हतीस ना?”

सगळं सांगून टाकावं असं वाटलं. ती तुझीच होती, मामा, पंधरा वर्षांपूर्वीची. इथे कुणी आलंच नव्हतं. म्हणजे इथे बसायचं कारणच उरलं नसतं, आणि वाळलेल्या अंड्यांची ती पुडी पुन्हा त्याच्या एकट्याच्या हातात आली असती.

“नाही, मामा,” मी म्हणाले. “राहून गेलं.”

माझी नजर खाली होती. मग त्याचा हात माझ्या पाठीवर आला.

“होतं गं असं,” तो म्हणाला. “हात जातो आपला. मनाला लावून घेऊ नकोस.”

इतक्या वर्षांत हे त्याने स्वतःला एकदाही म्हटलं नव्हतं. मला मात्र विचारही न करता देऊन टाकलं, आणि मी ते घेतलं. मी रडायला लागले. तो मला थोपटत राहिला, आणि मी कशासाठी रडते आहे हे आपल्याला पुरतं कळलंय अशी त्याची खात्री होती.